लेकरू लहान, किरण बेताने

मूल म्हटले की पडणे आलेच. कोणी ओट्यावरून पडते. कोणी चिंचेच्या झाडावरून पडते. कोणी पळता पळता दगडाला ठेचकाळते. गुडघा फुटला तर आपण तो धुतो, पट्टी बांधतो आणि मोकळे होतो. पण डोक्याला लागले, की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. आई रडू लागते. आजी देवाला हात जोडते. बाप मुलाला उचलून दवाखान्याकडे धावतो.

दवाखान्यात बाप म्हणतो, "साहेब, डोक्याचा स्कॅन काढा." कधी डॉक्टर म्हणतात, "थांबा, स्कॅनची गरज नाही." मग बापाच्या मनात येते, हा डॉक्टर टाळतोय की काय? आपण गरीब म्हणून असं करतोय का?

कधी याच्या उलट होते. डॉक्टर म्हणतात, "आत्ताच्या आत्ता स्कॅन करा." आणि बापाने कोठेतरी ऐकलेले असते, की त्या यंत्राच्या किरणांनी कॅन्सर होतो. मग तो कचरतो.

दोन्ही वेळा बापाचा जीव टांगणीला लागतो. दोन्ही वेळा तो लेकराचे भलेच पाहत असतो. पण माहिती नसली, की भले करायला जावे आणि वाईट व्हावे, असे होते. म्हणून हा धडा आम्ही लिहिला आहे. सी. टी. स्कॅन म्हणजे काय, त्यात मुलाला किती किरण लागतात, आणि आईबापांनी काय विचारावे, ते आपण पाहू या.

न दिसणारे किरण

उन्हाचे किरण आपल्याला दिसतात. ते अंगावर पडतात आणि तिथेच अडतात. म्हणून तर माणसाची सावली पडते. पण काही किरण असे आहेत, की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि माणसाच्या अंगातून आरपार जातात.

हे किरण १८९५ साली जर्मनीतील राँटगेन या शास्त्रज्ञाला सापडले. त्याने आपल्या बायकोचा हात किरणांपुढे धरायला लावला. मागच्या काचेवर हाताची हाडे उमटली. बोटातली अंगठीही उमटली. मांसातून किरण पार झाले, हाडांनी आणि अंगठीने ते अडवले. हे किरण कसले, ते राँटगेनला कळेना. गणितात जे ठाऊक नसते त्याला 'क्ष' म्हणतात. म्हणून त्याने त्यांना 'क्ष-किरण' असे नाव दिले. त्यालाच आपण एक्स-रे म्हणतो.

सगळ्या जगाला आनंद झाला. हाड मोडले तर चामडी न कापता दिसू लागले. पण किरणांची दुसरी बाजू तेव्हा कोणाला माहीत नव्हती. अमेरिकेत एडिसन नावाचे मोठे संशोधक होते. त्यांचे मदतनीस क्लॅरन्स डॅली रोज आपला हात किरणांपुढे धरून यंत्र तपासत. हळूहळू त्यांचे हात भाजल्यासारखे झाले. जखमा भरेनात. त्यातून कॅन्सर झाला. हात कापावे लागले. शेवटी १९०४ साली ते वारले. तेव्हा लोकांना कळले, की किरण मदत करतात, तसे इजाही करतात.

विस्तवाचेही तसेच नाही का? विस्तवावर भाकरी भाजते. विस्तवाने घरही जळते. म्हणून कोणी चूल विझवून बसत नाही. चूल बेताने पेटवायची, एवढेच शिकायचे.

काकडीच्या चकत्या

साध्या एक्स-रेमध्ये एक अडचण असते. त्यात सगळे एकावर एक उमटते. भिंतीवर पडलेल्या सावलीत माणसाचे नाक, कान, डोळे वेगळे कळतात का? नाही. तसेच ते आहे. त्यातून कवटीचे हाड दिसते, पण कवटीच्या आतला मेंदू दिसत नाही.

ही अडचण इंग्लंडमधील हाउन्सफील्ड नावाच्या माणसाने दूर केली. तो शेतावर वाढलेला पोर. लहानपणी शेतावरची यंत्रे खोलून पाहण्याचा त्याला नाद. एकदा तर घरी बनवलेले पंख धरून त्याने गवताच्या गंजीवरून उडी मारली होती! मोठेपणी तो इंजिनियर झाला. त्याने असे यंत्र बनवले, की जे डोक्याच्या भोवती फिरत फिरत चारी बाजूंनी किरण सोडते. पलीकडे किती किरण पोचले ते कॉम्प्युटर टिपून घेतो आणि त्याचा हिशेब करून आतले चित्र तयार करतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका बाईच्या मेंदूचे असे चित्र पहिल्यांदा काढले. तिच्या मेंदूतील गाठ त्यात दिसली. १९७९ साली हाउन्सफील्डला नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच सी. टी. स्कॅन. काकडीच्या पातळ चकत्या केल्या, की आत कुठे कीड आहे ते दिसते. या यंत्राने अंगाला सुरी न लावता तशाच चकत्या दिसतात. मेंदूत रक्त साकळले आहे का, हाडाला तडा गेला आहे का, पोटात कुठे फुटले आहे का, ते घटकाभरात कळते. या यंत्राने किती जीव वाचवले, त्याला गणती नाही.

पण चारी बाजूंनी किरण सोडायचे, म्हणजे किरण जास्त लागणारच. किती जास्त? तेच आता मोजू.

किरणांचे माप

दूध आपण लिटरने मोजतो. धान्य किलोने मोजतो. अंगाला लागलेले किरण 'मिलिसिव्हर्ट' नावाच्या मापाने मोजतात. नाव अवघड आहे. आपण त्याला नुसते 'माप' म्हणू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. स्कॅन न करताही आपल्याला रोज थोडे किरण लागतच असतात. ते आकाशातून येतात. जमिनीतून येतात. दगडमातीच्या भिंतीतून येतात. खाण्यापिण्यातूनही थोडे येतात. जगभराची सरासरी धरली, तर एका माणसाला वर्षाकाठी सुमारे २.४ मापे किरण असे आपोआप मिळतात. माणूस जन्मापासून त्यातच वाढत आला आहे.

आता दवाखान्यातला हिशेब पाहा.

मुलाच्या छातीचा एक साधा एक्स-रे : सुमारे ०.०२ माप. म्हणजे आपोआप मिळणारे तीन दिवसांचे किरण.

मुलाच्या डोक्याचा एक सी. टी. स्कॅन : सुमारे २ मापे. म्हणजे दहा महिन्यांचे किरण.

मुलाच्या पोटाचा एक सी. टी. स्कॅन : सुमारे ५ ते १० मापे. म्हणजे दोन ते चार वर्षांचे किरण.

हे आकडे सगळीकडे अगदी सारखे नसतात. यंत्र, मुलाचे वय आणि यंत्र चालवण्याची रीत यांवर ते कमीजास्त होतात. पण अंदाज यावा म्हणून ते पुरेसे आहेत. पाहा, डोक्याचा एक स्कॅन म्हणजे छातीचे शंभर एक्स-रे झाले! म्हणून एक्स-रे आणि स्कॅन यांना एकाच तागडीत तोलू नये.

कोवळ्या कोंबाला जपावे

मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला किरणांपासून जास्त जपावे लागते. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे. किरण पेशीच्या आत शिरून तिथली घडण बिघडवू शकतात. बहुतेक वेळा पेशी ते बिघडलेले दुरुस्त करते. पण एखादी दुरुस्ती चुकते. ती चूक पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊन वर येते. मूल वाढत असते, म्हणजे त्याच्या पेशी भराभर वाढत असतात. म्हणून चूक राहण्याचा धोका मुलाला अधिक. उभ्या ज्वारीच्या धाटाला धक्का लागला तर ते सावरते. कोवळा कोंब तेवढ्यानेच मोडतो.

दुसरे कारण. साठीच्या म्हाताऱ्याला आज किरण लागले आणि त्याचा परिणाम तीस वर्षांनी व्हायचा असला, तर तेव्हा तो बहुधा नसेल. पाच वर्षांच्या पोरापुढे मात्र सगळे आयुष्य पडलेले आहे. परिणाम दिसायला त्याच्याजवळ वेळ भरपूर आहे.

तिसरे कारण फार महत्त्वाचे आहे, आणि ते माणसाच्या हातातले आहे. वीस माणसांच्या आमटीला जेवढे मीठ लागते, तेवढेच मीठ दोन माणसांच्या आमटीत टाकले तर काय होईल? आमटी तोंडात घालवणार नाही. यंत्राचेही तसेच. मोठ्या माणसाच्या जाड अंगातून पार जायला जास्त किरण लागतात. लहान मुलाच्या बारीक अंगाला थोडे पुरतात. यंत्र मोठ्या माणसाच्या बेताने लावून ठेवले आणि त्यात मुलाला घातले, तर त्या मुलाला उगाच जास्त किरण लागतात. चित्र काही त्यामुळे अधिक कामाचे होत नाही.

तुम्ही म्हणाल, शिकलेली माणसे अशी चूक कशी करतील? पण ती झाली होती. २००१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपास केला, तेव्हा असे दिसले की कित्येक ठिकाणी लहान मुलांचे स्कॅन मोठ्या माणसांच्याच बेताने होत आहेत. डॉक्टरांनी ते लपवले नाही, छापून जगापुढे मांडले. पुढे २००८ साली तिथे डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी मिळून मोहीम सुरू केली. मुलाचा स्कॅन मुलाच्या बेतानेच करायचा, हे सगळ्यांना शिकवायचे, असा त्या मोहिमेचा हेतू. आजच्या यंत्रांत मुलांसाठी वेगळा बेत ठेवता येतो. तो लावायचा मात्र माणसालाच असतो.

धोका किती?

आता खरा प्रश्न. एका स्कॅनने मुलाला कॅन्सर होतो का?

ऐकीव गोष्टींवर आपण जाऊ नये. मोजून काय दिसले ते पाहावे.

१९४५ साली जपानमधील हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. त्यातून जे वाचले, त्यांची तब्येत शास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षे तपासली. लहानपणी ज्यांना किरण लागले, त्यांना पुढे कॅन्सर होण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा अधिक दिसले. पण स्कॅनचे किरण बॉम्बच्या किरणांपेक्षा पुष्कळच थोडे. तेवढ्याने काही होते का?

ते पाहण्यासाठी इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी १९८५ ते २००२ या काळात स्कॅन झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक मुलांची आणि तरुणांची नोंद तपासली. २०१२ साली त्यांनी निकाल सांगितला. दहा वर्षांच्या आतल्या १०,००० मुलांच्या डोक्याचा एकेक स्कॅन केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचा एक रोगी जादा आणि मेंदूच्या गाठीचा एक रोगी जादा निघतो, असा त्यांचा हिशेब होता.

काहींनी शंका काढली. ते म्हणाले, "त्यातल्या काही मुलांना आधीच आजार असेल. म्हणून तर त्यांचा स्कॅन झाला." शंका रास्त होती. मग तोही हिशेब घातला. मेंदूच्या गाठीचा धोका कमी निघाला, पण नाहीसा झाला नाही. पुढे युरोपातील नऊ देशांनी मिळून साडेनऊ लाखांच्या आसपास मुलांची आणि तरुणांची नोंद तपासली. २०२३ साली त्यांनी सांगितले, की स्कॅन झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचे एक-दोन रोगी जादा निघतील.

दहा हजारांत एक-दोन, म्हणजे किती हो? दोन हजार वस्तीची पाच गावे घ्या. त्या पाचही गावांतली सगळी माणसे एका मैदानात उभी करा. त्यातली एक-दोन.

म्हणजे एका मुलापुरते पाहिले, तर धोका फार लहान आहे. ज्या मुलाला स्कॅनची खरी गरज आहे, त्याने या धोक्याला मुळीच भिऊ नये. पण गरज नसताना हजारो मुलांचे स्कॅन केले, तर त्यातली काही मुले फुकट आजारी पडणार. आणि ज्या घरातले मूल आजारी पडेल, त्या घराला ते दहा हजारांतले एक नसते. ते त्यांचे लेकरू असते.

गणूची गोष्ट

समजा, सहा वर्षांचा एक पोर आहे. त्याला आपण गणू म्हणू. गणू ओट्यावरून खाली पडला. ओटा हात-दीड हात उंच. कपाळाला टेंगूळ आले. पोरगा लगेच मोठ्याने रडला. थोड्या वेळाने गप्प झाला आणि खायला मागू लागला. तरी आजी म्हणाली, "अरं, पोराला घिऊन जा. मेंदूचा फोटो काढून आण. पैशाकडं बघू नगंस."

बाप गणूला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेला. "बाई, काय बी करा, पण डोक्याचा स्कॅन काढा," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी आधी विचारले, "पडल्यावर बेशुद्ध झाला होता का? उलटी झाली का?"

"न्हाई बाई. दोन्ही न्हाई."

त्यांनी गणूचे डोळे पाहिले. डोके चाचपून पाहिले. कान-नाक पाहिले. त्याला चालायला लावले. "तुझं नाव काय रे? शाळेत कुठल्या वर्गात बसतोस?" असे विचारले. गणूने बरोबर उत्तरे दिली.

मग बाई म्हणाल्या, "दादा, स्कॅनची गरज नाही. त्याला चार-पाच तास इथंच बसवा. मी अधूनमधून बघते."

"पण बाई, आत काही असलं तर?"

"तसं काही असेल तर त्याची लक्षणं दिसतात. त्याच्यासाठीच तर मी त्याला इथं ठेवून घेते आहे. लक्षण दिसलं, तर मीच तुम्हाला स्कॅनला पाठवीन. उगाच किरण कशाला द्यायचे पोराला?"

संध्याकाळी गणू हसत खेळत घरी गेला.

डॉक्टरबाईंनी टाळाटाळ केली का? नाही. त्यांनी मुलाला पुन्हा पुन्हा पाहिले. त्याला वेळ लागला. स्कॅनची चिठ्ठी लिहून द्यायला दोन मिनिटेही लागली नसती.

बाईंच्या सांगण्याला आधार आहे. अमेरिकेतील २५ इस्पितळांत डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी झाली. ही मुले इस्पितळात आली तेव्हा शुद्धीवर होती. २००९ साली निकाल छापला गेला. शंभरांपैकी पस्तीस मुलांचे स्कॅन झाले होते. पण आत गंभीर इजा असलेली मुले शंभरात एकसुद्धा नव्हती. सगळ्या मिळून ३७६ निघाली. मेंदूचे ऑपरेशन ६० जणांना लागले. या पाहणीतून डॉक्टरांनी लक्षणांची यादी ठरवली. त्यातले एकही लक्षण नसले, तर स्कॅन न करता मूल घरी पाठवता येते.

चिंगीची गोष्ट

आता दुसरी गोष्ट. समजा, आठ वर्षांची एक पोरगी आहे. तिला आपण चिंगी म्हणू. बापाच्या मोटारसायकलवर मागे बसली होती. गाडी घसरली. चिंगी रस्त्यावर डोक्यावर आपटली. थोडा वेळ शुद्ध गेली. मग उठून बसली. बापाला वाटले, वाचली बाबा! पण वाटेत तिला दोनदा उलटी झाली. दवाखान्यात येईपर्यंत ती पेंगू लागली.

डॉक्टर म्हणाले, "स्कॅन करायचा. आत्ता."

बाप म्हणाला, "साहेब, त्या किरणांनी पोरीला कॅन्सर झाला तर? उद्या बघितलं तर नाही का चालणार?"

डॉक्टर म्हणाले, "मामा, कॅन्सरचा धोका दहा हजारांत एखाद-दुसऱ्याला, आणि तोही पुढं कधीतरी. हिच्या डोक्यात रक्तस्राव होत असेल तर धोका आजचा आहे. या घटकेचा आहे. उद्याचं बोलू नका."

डॉक्टरांचे बरोबर आहे. कवटी हाडाची. ती फुगत नाही. आत रक्त साकळले, की मेंदू दाबला जातो. वेळेवर कळले तर ऑपरेशन करून ते रक्त काढता येते आणि मूल बरे होऊ शकते. उशीर झाला तर हातचे लेकरू जाते.

म्हणून आम्ही पुन्हा सांगतो. हा धडा वाचून कोणी स्कॅनला नाही म्हणू नये. गणूला किरण नकोत. चिंगीला हवेतच. गणू कोण आणि चिंगी कोण, हे ओळखणे डॉक्टरांचे काम. नीट खरे खरे सांगणे हे आपले काम.

ही लक्षणे दिसली तर धावा

डोक्याला मार लागल्यावर खालीलपैकी काहीही दिसले, तर मुलाला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. रात्र असली तरी न्या.

मूल बेशुद्ध झाले, थोडा वेळ का होईना.
उलट्या होऊ लागल्या.
मूल पेंगते, हाक मारून नीट उठत नाही, किंवा भलतेच बोलते.
डोके फार दुखते आणि दुखणे वाढत जाते.
आकडी आली.
नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखे काही येते.
डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे झाले.
हात किंवा पाय लुळा पडला.
मूल पाच फुटांपेक्षा उंचावरून पडले, किंवा गाडीने उडवले.

दोन वर्षांच्या आतले मूल बोलून सांगू शकत नाही. त्याला अधिक जपा. ते तीन फुटांपेक्षा उंचावरून पडले, डोक्याच्या मागे किंवा बाजूला मऊ सूज आली, किंवा आईला वाटले की 'आज हे नेहमीसारखे नाही', तर दाखवायला न्या. आईचे हे म्हणणे डॉक्टरही खरे धरतात. वरच्या यादीत आईच्या या शब्दालाही जागा आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

डॉक्टरांना विचारायची आपल्याला भीड वाटते. पण नीट, आदराने विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही. हे चार प्रश्न पाठ करून ठेवा.

एक : "डॉक्टरसाहेब, या स्कॅनने काय कळणार? त्याने इलाजात काही फरक पडेल का?"

दोन : "किरण न लागणाऱ्या तपासणीने भागेल का?" सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, किरण नसतात. मुलाचे पोट दुखत असेल, तर पुष्कळदा आधी सोनोग्राफी करता येते. एम. आर. आय. हे यंत्र चुंबकावर चालते. त्यातही हे किरण नसतात. पण त्याला वेळ जास्त लागतो. लहान मूल तेवढा वेळ स्वस्थ पडून राहत नाही, म्हणून कधी त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. घाईच्या वेळी सी. टी. च बरा.

तीन : "यंत्र मुलाच्या वयावजनाप्रमाणे लावणार ना? आणि जेवढा भाग दुखावला आहे, तेवढ्याचाच स्कॅन करणार ना?"

चार : "आधीचा स्कॅन आमच्याजवळ आहे. तो चालेल का?" एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेले, की पुष्कळदा तोच स्कॅन पुन्हा होतो. कारण पहिला स्कॅन घरी ट्रंकेत राहिलेला असतो! म्हणून फिल्म, कागद आणि सी. डी. एका पिशवीत ठेवा. दवाखान्यात जाताना ती पिशवी आधी काखेत मारा. यात पैसे वाचतात आणि लेकराचे किरणही वाचतात.

आणखी एक. आपल्या देशात असे यंत्र चालवायला परमाणु ऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो. ही सरकारी परिषद १९८३ साली स्थापन झाली. ती मुंबईत आहे. स्कॅनच्या खोलीबाहेर तीन पाकळ्यांचे चिन्ह असते. दारावर तांबडा दिवा असतो. तो लागला असेल तेव्हा आत जाऊ नये. मुलाला धरायला आत थांबावे लागले, तर शिशाचा झगा मागून घ्यावा. पोटुशी बाईने मात्र आत थांबू नये. दिवस गेल्याची नुसती शंका असली, तरी आधीच सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

खुळ्या समजुती

स्कॅन झाल्यावर काही बाया मुलाला जवळ घ्यायला भितात. "किरण अंगात राहिलेत," असे म्हणतात. हे खरे नाही. दिवा विझवला की खोलीत उजेड उरतो का? तसेच हे आहे. यंत्र बंद झाले, की किरण संपले. मुलाला पोटाशी धरा. अंगावर पाजा. एकाचे दुसऱ्याला काही लागत नाही.

काही जण म्हणतात, "महाग तपासणी तीच चांगली." हेही खरे नाही. जी तपासणी लागू पडते, ती चांगली. डॉक्टरांचा हात, डोळा आणि कान यांना किरण लागत नाहीत.

आणि काही जण म्हणतात, "एकदा स्कॅन झाला, आता पोराचं काही खरं नाही." असे मुळीच मनात आणू नका. दहा हजारांत एक-दोन, हा हिशेब आठवा. ज्या मुलाचा स्कॅन गरजेने झाला, त्याचे चांगलेच झाले.

शेवटी एवढेच

किरण आपले वैरी नाहीत आणि देवही नाहीत. ते विळ्यासारखे आहेत. विळ्याशिवाय कापणी होत नाही. पण विळा कोणी पोराच्या हाती खेळायला देत नाही.

गरज असेल तर स्कॅन तात्काळ करावा. गरज नसेल तर करू नये. करायचा तर मुलाच्या बेताने करावा. आणि झालेला स्कॅन जपून ठेवावा.

हा धडा वाचून झाला, की तो घरात मोठ्याने वाचून दाखवा. म्हातारीलाही ऐकवा. पोर पडले म्हणजे 'डॉक्टरकडे जा' असे पहिल्यांदा तीच सांगते. तिचे ते सांगणे शंभर नंबरी आहे. पुढचे काय ते आता तुम्हाला ठाऊक झाले.